तबक धरणारी

“तबक सरळ धर गं, नारळ गडगडेल!”

मॅडम हे माईकसमोरच बोलल्या. नेपियर टाउनमधला हॉल, गच्च भरलेला. अख्खं जबलपूर हसलं. म्हणजे पुढच्या दोन-तीन रांगा हसल्या, पण मला नर्मदेच्या पल्याडचंही हसू ऐकू आलं.

मी मंचाच्या कडेला उभी. तबकात शाल, हार, नारळ. आधी त्यात कुंकवाची कुयरीही होती. मॅडमच्या मैत्रिणीनं तबक माझ्या हाती देताना ती अलगद उचलून घेतली. “कुंकवाचं मी बघते. तू बाकीचं धर.” चहाच्या वेळी तिनं माझं आडनाव विचारून घेतलं होतं. गोड हसत. नारळ मात्र माझ्याकडे राहू दिला. त्याला कवच असतं.

सत्कार कशाचा? बिडी वळणाऱ्या बायांना लिहायला-वाचायला शिकवल्याचा. शिकवलं कोणी? तबकवालीनं. शाल कोणाला? मॅडमना.

आता माझी बाजू ऐका. मी वाढवून सांगते असं माझी सख्खी बहीण म्हणते. म्हणू दे. आमचे बाबा नागपूरकडून इथं तोफांच्या फॅक्टरीत आले, ते क्वार्टरमध्ये पाट्या वाचून दाखवणारे एकटेच, म्हणून आमच्या ओळीत त्यांना मान असायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे वाचायला शिकवायचं भूत. लग्न झालं, लेकरं मोठी झाली, भूत उतरलं नाही. सिहोऱ्याच्या रस्त्याला एक बिडीवाल्यांची वस्ती आहे. तिथं दुपारी जाऊन बसायला लागले.

बाया सूप मांडीवरून खाली ठेवायला तयार नाहीत. सुपात तेंदूपत्ता, जर्दा, दोरा. हात थांबला की मजुरी थांबली. पाटी कुठं धरणार? मी म्हटलं, सूप हीच पाटी. सुपातला जर्दा पसरा, बोटानं ‘क’ काढा, मोडा, बिडी वळा, पुन्हा काढा. पहिल्या आठवड्यात असल्या शिंका आल्या की एकीचा ‘ख’ उडून कटनीपर्यंत गेला असेल. माझ्या नाकाची तर सालटं निघाली. पण अक्षरं बसली. मॅडम तेव्हा पुण्यात होत्या.

फुलाबाई सगळ्यांत म्हातारी, सगळ्यांत भांडकुदळ. जन्मभर स्टँडवर उभी राहून विचारत आली, “भैया, ये सिहोरा जाएगी?” एकदा कोणी टवाळानं हो म्हटलं आणि म्हातारी भलत्याच गावी उतरली. लेकीच्या बाळंतपणाला पोचली ती बाळ झाल्यावर. त्या बाईनं एक दिवस बसची पाटी स्वतः वाचली. “सि... हो... रा! सिहोरा! अरे सिहोरा लिखा है!” एवढ्या मोठ्यानं ओरडली की ड्रायव्हरनं ब्रेक मारला, कंडक्टरच्या तोंडातलं पान बाहेर आलं. मग सराफ्यात मला हाताला धरून नेलं आणि एकेका सोनाराची पाटी मोठ्यानं वाचत निघाली. सोनार म्हणे, “अम्मा, कुछ लेना है?” ही म्हणे, “नहीं, पढ़ना है.” मला त्या दिवशी वाटलं, सराफ्यातलं सगळं सोनं माझ्या पदरात पडलं. हे मात्र वाढवून सांगत नाही.

मग मॅडम आल्या. यजमान बँकेत मोठे साहेब, बदली होऊन आलेले. मॅडमची संस्था. वस्तीत आल्या, शिंकल्या, फोटो काढले, बॅनर बांधून गेल्या. बॅनरवर त्यांचा चेहरा, फुलाबाईच्या झोपडीच्या दाराएवढा. मला मराठीत म्हणाल्या, “किती छान करतेस गं. पण ‘शिकवून राहिले’ नको म्हणूस, कानाला कसं तरी वाटतं.”

मला त्यांचा हेवा वाटायचा. लपवत नाही. त्यांच्या कडक साडीचा, त्या बोलल्या की सगळे गप्प बसायचे त्याचा. त्या खुर्चीत बसायच्या तसं मी आरशासमोर बसून पाहायची. जमायचं नाही. खुर्ची पाहिली की मी आधी पुसायलाच घ्यायची.

तर हॉल. मॅडम माईकवर. “मला कल्पना सुचली, सूप हीच पाटी!” टाळ्या. “आणि ही आमची मदतनीस, फार गोड मुलगी.” चाळिशी उलटलेली मुलगी मी. मग फुलाबाईला मंचावर बोलावलं. तिच्यासमोर परात, परातीत तांदूळ. जर्द्यानं पाहुण्यांना शिंका येतील ना. फुलाबाईनं बोटानं स्वतःचं नाव काढलं. टाळ्या. आणि मग म्हातारी वाकली. मॅडमच्या पायावर डोकं ठेवलं.

माझ्याशी कचाकचा भांडणारी, मला “चल हट” म्हणणारी फुलाबाई. वाकली ती तिथं.

“आण गं तबक,” मॅडम म्हणाल्या.

मी तुम्हाला सांगू शकले असते की मी नारळ मंचावर आपटला, हॉलच्या काचा तडकल्या, पाहुणे खुर्चीखाली गेले. घरी तसंच सांगितलं. खरं एवढंच, की मी तबक घेऊन गेले नाही. तबक खाली ठेवलं. जमिनीवर. माईकजवळ जाऊन हिंदीत बोलले, मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या बायांना कळावं म्हणून.

“इनको मैंने पढ़ाया है.”

मॅडमचं हसू तसंच चिकटलेलं. “अगं, हे टीमवर्क असतं.”

“टीममध्ये असते मॅडम, तर कुयरी माझ्या हातातून काहून काढली असती?”

मैत्रिणीनं कुयरी पदराखाली घेतली. पुढच्या रांगेतलं कोणी हसलं नाही. शाल तबकातच राहिली. मी खाली उतरले.

परतताना ऑटोत फुलाबाई शेजारी. मी तोंड फिरवून बसलेली. शेवटी विचारलंच, “पैर काहे छुए उसके?”

“अरे, पैर तो मैडम के ही छूते हैं. तू तो अपनी है.”

बाकीच्या बाया माना डोलवू लागल्या. किती गोड बोलली, असं त्यांना वाटलं. मलाही क्षणभर वाटलं. मग चीड आली. आपली आहे म्हणून शिव्या मला, आपली आहे म्हणून तबक मला. आणि जिनं तुझ्या सुपाला कधी बोट लावलं नाही, तिला तुझं डोकं?

“मेरे पैर मत छूना,” मी म्हटलं, “पर उसके भी नहीं. किसी के नहीं.”

फुलाबाई बाहेर बघत दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, या वेळी मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी बॅनर उतरवला. जाड होता. शेजारच्या बकरीच्या गोठ्यावर घातला, आता बकरी कोरडी राहते. मॅडमचा फोन आला. भोपाळहून पाहुणे येताहेत, वर्ग दाखवायचा आहे, झालं गेलं विसरू या.

मी म्हटलं, “या. चपला बाहेर काढायच्या, जमिनीवर बसायचं. मांडीवर सूप, सुपात जर्दाच. तबक नाही, शाल नाही. कोण शिकवतं विचारलं, तर बाया माझं नाव सांगतील.”

फोन ठेवला गेला.

हेवा अजून आहे. ती शाल स्वप्नात येते, माझ्या खांद्यावर. येऊ दे. पण मागायला मी कुणाच्या मंचावर जाणार नाही, आणि माझी एकही बाई तिथं वाकायला पाठवणार नाही. बसची पाटी वाचायला शिकायला फुलाबाईला वर्ष गेलं. ताठ उभं राहायला दोन जातील. मी दुपारी तिथंच असते.