दोन मिनिटं गोंगाट

माझ्या भाच्याला गल्लीत सगळे 'रेडिओ' म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. माझ्या सलूनमध्ये तो दोन वर्षं दुसरी खुर्ची सांभाळायचा. वस्तरा हवेत धरून गोष्ट सांगत राहायचा आणि गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळून जायचा. एकदा कंपाउंडर अर्धी दाढी घेऊन घरी गेले. गोष्ट संपली म्हणून ते उठले, दाढी राहिलीय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी डोक्याला हात लावला.

मग तो पायदळात भरती झाला. पत्रांतही बडबड तीच. 'साहेब म्हणतात, तुला समोरच्यांकडे पाठवून द्यावं, दोन दिवसांत कंटाळून शरण येतील.' लढाईच्या चौथ्या महिन्यात तो गेला. नुकतंच बाविसावं लागलं होतं. बंद पेटी आली. ताई, म्हणजे त्याची आई, हंबरडा फोडणार तोच गावच्या हुतात्मा स्मारक समितीचे अध्यक्ष पुढे झाले. हे निवृत्त हेडमास्तर.

"वीरमातेनं रडायचं नसतं, बाई. सगळं गाव बघतंय."

ताईने तोंड मिटलं ते मिटलंच. तीन वर्षं तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. हेडमास्तरांचा मला अजून राग आहे.

दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी चौकात दोन मिनिटं शांतता पाळायचे. ज्या पोराने उभ्या जन्मात, झोपेतसुद्धा, दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं नाही, त्याच्यासाठी! तिसऱ्या वर्षी ताई थेट समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"हे गप्प उभं राहणं पुरे झालं. त्याच्यासाठी दोन मिनिटं आवाज करा."

वीरमातेला नाही कोण म्हणणार? आवाज कसला करायचा हे ठरवायला उपसमिती नेमली गेली. पोलिसांकडे अर्ज गेला. 'शांतता राखून गोंगाट करण्यास हरकत नाही' असं उत्तर आलं. रंगीत तालीम झाली, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. मोठ्याने बोलायचं तर काय, हेच कुणाला सुचेना. शेवटी ज्याने त्याने आपापलं काहीतरी आणावं असं ठरलं.

त्या दिवशी सकाळी दहाला हेडमास्तरांनी एकोणतिसाचा पाढा सुरू केला. कंपाउंडरांनी औषधांची नावं घेतली, किराणावाल्याने डाळ-तांदळाचे भाव, शेजारणीने सुनेच्या तक्रारी. सून शेजारीच उभी होती, तिनेही व्याज लावून परतफेड केली. मी 'पुढचं गिऱ्हाईक, पुढचं गिऱ्हाईक' असं ओरडत होतो; मला दुसरं काही सुचलंच नाही. हसू आवरत नव्हतं.

मग ताईकडे नजर गेली. ती ताठ उभी होती, तोंड उघडं. मला वाटलं, तीही काहीतरी म्हणतेय. जवळ सरकलो तेव्हा कळलं, ती रडत होती. गळा काढून, पोटातून. त्या कल्लोळात कुणालाच ऐकू जात नव्हतं, कुणी वळूनही बघत नव्हतं.

वेळ संपली की शिट्टी वाजवायचं काम समितीने माझ्याकडे दिलं होतं. दोन मिनिटं झाली. तीन झाली. हेडमास्तर पाढा संपवून मला हाताने खुणा करू लागले. मी शिट्टी खिशात टाकली आणि जोरात ओरडलो, "मास्तर, तिसाचा म्हणा!"