साखरेचं भांडं

राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि तिच्यामागे आम्ही नागपूरचे सरकारी कारकूनही भोपाळला येऊन पडलो. दर रविवारी कॉफी हाउसात मी तत्त्वचर्चेची बैठक चालवायचो. सगळे एकदम बोलत, म्हणून नियम केला होता: साखरेचं भांडं ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं.

शेजारच्या टेबलावर शेरवानीतले एक म्हातारे गृहस्थ बसत. कॉफी बशीत ओतून, डोळे मिटून पीत. आमच्याकडे कधी बघतही नसत.

एका रविवारी विषय होता, 'आपण कुठले?' गृहस्थांच्या टेबलावर साखर नव्हती. त्यांनी हात लांबवून आमचं भांडं उचललं, तसे आम्ही सगळे गप्प होऊन त्यांच्याकडे बघू लागलो. ते दचकले.

"मियाँ, हम तो शक्कर ले रहे थे."

मी त्यांना नियम सांगितला, विषयही सांगितला. त्यांनी दोन चमचे साखर घालून कॉफी सावकाश ढवळली.

"आप लोग तो चलकर आए हैं. हम जिस गली में पैदा हुए, आज भी वहीं हैं. पहले नवाब की रियासत थी, फिर भोपाल राज्य हुआ, अब मध्यप्रदेश है. आप ही बताइए, हम कहाँ के हुए?"

आणि त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं.

नियम माझाच होता. मी ते हळूच टेबलावर ठेवलं.