अजून काही, भाऊ?

सिल्वासाजवळ खडोलीत आमचा कारखाना होता. तिथे कॉम्प्युटरवर कारखान्याची ड्रॉइंग काढणारा धुळ्याकडचा एकजण माउस धरण्याआधी हात पँटला पुसायचा. काही पुसायला घेतलं की येणारा ‘सिलेक्ट ऑब्जेक्ट्स’ हा कॉम्प्युटरचा हुकूम त्याला उद्धट वाटे. म्हणून त्याने लिस्प या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहून स्वतःचा प्रश्न बसवला होता: ‘काय पुसायचं, भाऊ?’ निवडलेली वस्तू तुटक रेघांची व्हायची आणि प्रश्न यायचा, ‘अजून काही, भाऊ?’ आणखी काही न निवडता एंटर दाबलं, की निवडलेलं सगळं पुसलं जायचं.

कारखाना बंद व्हायला लागला. विकलेली मशिनं कारखान्याच्या नकाशातून काढायचं काम त्याच्याकडे आलं. मी स्टोअर सांभाळायचो. कुठलं मशीन गेलं, ते त्याला जाऊन सांगायचो.

शेवटचा ट्रक गेल्यावर मी म्हणालो, “झालं ना?”

“थांबा भाऊ, बाकी आहे.”

नकाशात तो बसायचा ती ड्रॉइंग रूम त्याने स्क्रीनवर मोठी केली. स्वतःचं टेबल निवडलं, मग खुर्ची. दोन्ही तुटक झाली.

‘अजून काही, भाऊ?’

त्याने माझ्याकडे पाहिलं.

“स्टोअरमधली माझी खुर्ची पण घ्या,” मी म्हणालो.

त्याने ती घेतली, हात पँटला पुसला आणि एंटर दाबलं.