राबाचा धूर

चूक माझी. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

आमचा माळ खाडीवर, आगरदांड्याच्या अलीकडे. दक्षिणेला उघडा, दिवे कमी. म्हणून दर उन्हाळ्यात अमावास्येला मुंबईहून चार-पाच जण दुर्बिणी घेऊन येतात. त्यातल्या एका बाईचं माझ्या बायकोशी जमलं. पहिल्या वर्षी तिनं बायकोला दक्षिणेकडची एक दीर्घिका दाखवली. असंख्य ताऱ्यांची वसाहत म्हणे, पण इतकी लांब की दुर्बिणीतही नुसता पुसट डाग. इथून ती आभाळात फार वर चढत नाही.

बायको म्हणाली, "भाकरी हाय. मधोमध तडकलेली."

बाई हसली. "काकी, तो तडा माझ्या नवऱ्याला तीन वर्षं दिसला नाही."

मलाही दिसला नाही. डोळा लावला न लावला आणि झोपायला गेलो.

गेल्या वर्षी बायकोचं पोट दुखण्यानं फुगलं, पाणी भरलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलला, पण तिला सगळं कळलं होतं. देवाला जायचं नव्हतं, माहेरी जायचं नव्हतं. एकच म्हणणं, "ती भाकरी एकदा बघायची हाय."

अमावास्येच्या दिवशी माझा राब रचून तयार होता. भाताची रोपं टाकायची जागा आम्ही पावसाआधी भाजून घेतो, शेण आणि पाचोळा पसरून, वर माती टाकून. सकाळी ती म्हणाली, "आज नको. उद्या भाजा."

"उद्या वारा सुटला तर गवत पेटंल. तुझी भाकरी जाते कुठं?"

दुपारी काडी लावली. राब भडकत नाही, धुमसतो. संध्याकाळी वारा पडला आणि सगळा धूर खाडीवर जाऊन बसला. नेमका दक्षिणेला.

रात्री तिला खुर्चीसकट उचलून माळावर नेली. बाईनं दोन तास खटपट केली. वरचे तारे लखलखीत, खाली नुसतं राखाडी. बायको खोकत होती. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईला मात्र विचारलं, "म्होरल्या अमावाश्येला असंल?"

"असेल काकी, पण तेव्हा ढग यायला लागतात."

"मग ऱ्हाऊ दे."

पावसाच्या आधीच ती गेली.

यंदा बाई आली, काकी कुठं म्हणून विचारलं. सांगितलं. ती रडली, मग मला दुर्बीण लावून दिली. "काका, रोखून बघू नका. जरा कडेला बघा." बराच वेळ काळोखच. मग आली. पांढुरकी, गोल, मधे तडा. बायकोनं सांगितली होती तशीच.

एक दिवस थांबायला हवं होतं मी. फक्त एक दिवस.

मागं माणसं जमली. बाई हळूच म्हणाली, "काका, बाकीचे थांबलेत."

मी सरकलो नाही.