भाऊजींचे रावसाहेब

आमच्या भाऊजींना चार माणसांत बसवलं तर जांभया यायच्या, पण न्हाणीघरातल्या हौदाशी तासन्‌तास उकिडवे बसायला त्यांना कुणी सांगावं लागत नसे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कलकत्त्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, भवानीपूरला आमच्याकडेच राहायचे आणि आमच्या आंघोळीच्या हौदात मासा पाळायचे. आंघोळीच्या! चातुर्मासात कांदासुद्धा न शिजणारं घर आमचं.

मासा मागूर जातीचा. काळा, बुळबुळीत, अंगावर एक खवला नाही आणि तोंडाभोवती लांब मिशा. त्या मिशांवरून भाऊजी त्याला रावसाहेब म्हणत. "वहिनी, रावसाहेबांना साबणाचं पाणी सोसत नाही हं." म्हणजे आम्ही अंगणातल्या नळाखाली कुडकुडायचं. कप्पाळ माझं!

रविवार उजाडला की स्वारी गाडीनं बजबजकडे जायची. तिथल्या डबक्यांत, पाणवेलींखालच्या गाळात हे मासे राहतात. "डबकं आटलं तरी हा चिखलात तग धरतो, वहिनी. तोंड वर काढून हवा घेतो. पाऊस पडला की जमिनीवरून सरपटत दुसरं तळं गाठतो." मी म्हणायची, "आणि तुमची चिखलाची धोतरं घासत मी तग धरते." एका पावसात रावसाहेब खरंच हौदातून निघाले आणि देवघराच्या उंबऱ्याशी आले. मी किंचाळले, तर भाऊजी जमिनीवर पालथे पडून म्हणतात, "हलू नका! पंखांवर कसा रेटतोय ते बघू द्या!" काय बोलायचं अशा माणसाला?

त्याच वर्षी ह्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. पेज दिली तरी उलटून पडायची. हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "मागूर माशाचं पातळ कालवण द्या, नाहीतर ताकद यायची नाही." बंगाल्यांत आजाऱ्याला तेच देतात. मासा जिवंत आणून घरी पाण्यात ठेवतात आणि लागेल तसा शिजवतात. मी म्हटलं, आमच्या चुलीवर मासा चढायचा नाही. भाऊजी उठून हौदाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कॉलेजात असताना शेजारच्या काकीमा झाकलेला वाडगा घेऊन आल्या. "पथ्याचं आहे," एवढंच म्हणाल्या. ह्यांनी घोट घेतला, मग दुसरा. वाडगा रिकामा केला आणि कितीतरी दिवसांनी विचारलं, "आणखी आहे?" मला रडूच कोसळलं. काकीमा माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "ओ मा, रडतेस काय! हौदात मासा आणून ठेवलायस, पण तुमच्या चुलीवर चालत नाही, हे कळलं मला. मघाशी तू आजाऱ्यापाशी होतीस, म्हणून हाताला राख लावून मीच नेला."

संध्याकाळी भाऊजी आले ते थेट हौदाशी गेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी रिकाम्या पाण्यात एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "दादाच्या पोटात राहिलं?"

"राहिलं. आणखी मागताहेत."

सकाळी न सांगता ते बजबजला गेले. दुपारी परतले तेव्हा कमरेपर्यंत चिखल, एका हातात माशांचा हंडा, आणि दुसरा हात माशाचा काटा लागून टम्म सुजलेला. हंडा त्यांनी स्वतः काकीमांकडे नेऊन दिला. घरात आले तर फरशीवर चिखलाची पावलं. "ओरडा, वहिनी," म्हणाले, "सगळं घर घाण केलंय." मी हळद गरम करून त्यांच्या हाताला लावली.

हे उठून हिंडायला लागेपर्यंत भाऊजींच्या खेपा चालू होत्या, आणि त्या चिखलावरून मी त्यांच्यावर एकदाही ओरडले नाही. हौदात मात्र त्यांनी पुन्हा मासा सोडला नाही. पुढे त्यांना नागपूरला नोकरी लागली. निघायच्या दिवशी ट्रंक दाराशी ठेवून ते नमस्काराला वाकले आणि म्हणाले, "वहिनी, हौद घासून ठेवलाय. आता खुशाल साबण वापरा."

"कुणी सांगितलं होतं घासायला?" मी अशी ओरडले की काकीमा खिडकीत आल्या. "नसत्या उठाठेवी! होता तसा राहू द्यायचा होता!"

भाऊजींनी ट्रंक उचलली. "हां," ते म्हणाले, "आता जायला बरं वाटेल."