शेजारचं पान

मी मशीनचा माणूस. मोटर जळली तर का जळली हे सापडेपर्यंत मला झोप येत नाही, आणि आजवर कारण सापडलं नाही असं सहसा झालेलं नाही. त्यामुळे अशा विलक्षण अनुभवांच्या सदरांत लोक जे लिहितात ते मी चहाबरोबर वाचून सोडून द्यायचो. आज मीच लिहितोय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं... मीही हसलो असतो.

मूळचा मी कोल्हापूरचा. चेन्नईत गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये राइस मिलचे सुटे भाग बनवणारं एक छोटं युनिट आहे, तिथं सर्व्हिस इंजिनिअर आहे. राहायला जवळच, आदंबाक्कमला. आई गेल्यापासून वडील आमच्याकडेच असतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी जन्मभर फाउंड्रीत काम केलं. तरुणपणीच प्रेसखाली उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली, तेव्हापासून ते डाव्या हातानं जेवतात. साखरेचा त्रास आहे, रोज सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. ते स्वतःचं स्वतः टोचून घेतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

भाताची सुगी सुरू झाली की आमची तंजावरकडे धावपळ असते. त्या खेपेला तिथल्या एका मिलचं पॉलिशर बंद पडलं होतं. बायको माहेरी गेली होती, म्हणून खालच्या मजल्यावरच्या राव मामांना अण्णांकडे लक्ष ठेवायला सांगितलं. राव मामा तंजावरकडचे मराठी. चार पिढ्या चेन्नईत, पण घरात अजून ती जुनी मराठी बोलतात.

"तंजावरास जातोस तर स्टेशनासमोर जेवू नकोस," ते म्हणाले. "त्या हॉटेलांत सांबार म्हणजे नुसते पाणी. राजवाड्याच्या मागल्या गल्लींत जा. निळा दरवाजा, बोर्ड-गीर्ड काही नाही. कोणासही 'मराठी मामी मेस' म्हणूनु पूस. बाराच्या आंत जा, नाहीतर डाळ-भाजीचे कूट्टू संपते."

एग्मोर स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी तंजावरला उतरलो. मिलमध्ये बेअरिंग बदललं, ट्रायल घेतली. काम लवकर आटोपलं. बाहेर पडलो तर ऊन नुसतं भाजत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. विचारत विचारत निळा दरवाजा सापडला.

आत एक लांबट खोली. भिंतीकडे तोंड करून बसायची बाकं आणि टेबलं. गिऱ्हाइकं तुरळक होती. मामी साठीच्या असाव्यात, नऊवारी नव्हे, तिकडच्या पद्धतीची सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमक्या. मी तमिळमध्ये सुरुवात केली तर माझे उच्चार ऐकून त्याच म्हणाल्या, "महाराष्ट्रातले की? बैसा, बैसा." माझ्यासमोर केळीचं पान टाकलं. त्यावर पाणी शिंपडून मी हात धुवायला मागे गेलो.

मागे जायला एक बोळ आहे. इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाला तिरकं व्हावं लागेल. पलीकडे चौक, तिथं नळ. चौकाला चारी बाजूंनी भिंत, दुसरं दार नाही. हे मी नंतर पुन्हा जाऊन नीट पाहिलंय म्हणून सांगतो. हात धुताना मिलवाल्याचा फोन आला, त्यात चांगला पाव तास गेला.

परत आलो तर माझ्या पानाशेजारी आणखी एक पान होतं. जेवून झालेलं, मधोमध दुमडलेलं. आणि तिथली बाकाची फळी ओली. नुसती ओली नाही, कडेवरून पाणी खाली ठिबकत होतं.

मला वाटलं कोणीतरी जेवून गेलं असेल. मी जरा सरकून बसलो. मामी भात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अप्पांस अगोदर वाढले हो. भूक फार होती त्यांस, थांबेनात."

"कोणाला?"

"तुमच्या अप्पांस, वडिलांस."

"मामी, मी एकटाच आलोय."

त्या हसल्या. "मग 'पोरगा हात धुवायला गेलाय, येईल' म्हणूनु मला कोणी सांगितले? तुमच्यासारखीच मराठी."

मीही हसलो. म्हटलं, कोणीतरी दुसरे असतील, महाराष्ट्रातून मंदिर बघायला बरेच येतात. मामी भात वाढत बोलतच होत्या. "बनियन, लुंगी, सगळे भिजलेले. मला वाटले तळ्यांत न्हाऊनु आले. डाव्या हातान जेवाया लागले ते पाहूनु मला आधी बरे वाटले नाही. मग उजवा हात दिसला. अंगठाच नाही. पाप, बिचारे."

माझा घास हातातच राहिला.

"आणि बोटं?" मी विचारलं.

"दोन नाहीत." मग त्या माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "काय झाले? भात फार नाही खाल्ला त्यांनी. पायसम मात्र दोन वेळां मागूनु घेतले."

अण्णांनी गोडाला हात लावून कित्येक वर्षं झालीत. दिवाळीचा लाडूसुद्धा नाही.

"आता कुठं आहेत?"

"हात धुवाया तिकडेच आले की! तुम्हांस दिसले नाहीत?"

मी त्याच बोळातून आलो होतो. समोरून कोणी आलं नव्हतं.

उठलो. पान तसंच टाकून, खरकट्या हातानं बाहेर आलो आणि अण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग राव मामांना.

"सकाळी आवाज ऐकिला होता मी त्यांचा," मामा म्हणाले. "का रे, असा का बोलतोस?"

"वर जा मामा. आत्ता. फोन चालू ठेवा."

त्यांची जिन्यावरची धाप मला ऐकू येत होती. दार ठोठावलं. माझी किल्ली त्यांच्याकडे होती, पण आतून कडी होती. "आंत नळ वाहतो आहे रे," मामा म्हणाले, आणि मग वॉचमनला मारलेली हाक, धक्के, लाकूड मोडल्याचा आवाज... मी भर उन्हात त्या गल्लीत उभा होतो आणि मला थंडी वाजत होती. मामी दारात येऊन उभ्या होत्या, हातात भाताचं भांडं तसंच.

बराच वेळ नुसती गडबड. मग मामा ओरडले, "जिवंत आहेत! जिवंत आहेत रे!"

टॅक्सीनं चेन्नईला पोहोचेपर्यंत अंधार पडला. हॉस्पिटलमध्ये कळलं ते असं – सकाळी इन्सुलिन घेतल्यावर अण्णा आंघोळीला गेले, घसरले, आणि खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना, हाकही पोहोचेना. बनियन-लुंगीवर, वाहत्या नळाखाली, दुपारपर्यंत तसेच पडून होते. नाश्त्याचं उप्पीट टेबलावर झाकलेलं होतं, चमचासुद्धा लागला नव्हता.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "इन्सुलिन घेतलं हे नक्की?" 

"नक्की. वापरलेली सुई कचऱ्याच्या डब्यात आहे, मामांनी बघितली."

"आणि पोटात काही नाही?"

"नाही."

"मग हे बेशुद्ध पडायला हवे होते. किंवा त्याहून वाईट. आणले तेव्हा यांची शुगर नुकतंच जेवून उठलेल्या माणसासारखी होती." मग त्याच म्हणाल्या, मार लागला की शरीराच्या ताणानं कधीकधी साखर वाढते, तसं झालं असेल. पण बोलताना त्या पुन्हा पुन्हा तो रिपोर्टच बघत होत्या. मी मान डोलावली. मेसचं त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार?

पुढे तंजावरला गेलो तेव्हा मामींकडे मुद्दाम गेलो. अण्णांचा फोटो दाखवला. "हेच की," म्हणाल्या, इतक्या सहज की मीच गडबडलो. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या चिडल्यासारख्या म्हणाल्या, "भूत-गीत माझ्या घरांत येत नाही. माणूस भुकेला आला, मी वाढले. भूत पायसम दोनदां मागते काय?"

राव मामांनी त्या मामींना माझ्या वडिलांबद्दल कधी सांगितलं असेल का, हाही विचार करून झाला. त्यांची एकमेकांशी ओळखच नाही, मामांना तिथं जेवूनही जमाना झाला. दुसरा कोणी तसाच माणूस आला असेल? तशीच बोटं गेलेला, भिजलेला, कोल्हापुरी बोलणारा, आणि बोळात शिरून नाहीसा झालेला? मी कारणं शोधणारा माणूस आहे. शोधली. एकही बसत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा.

अण्णा आता वॉकर घेऊन चालतात. पडल्यानंतरचं त्यांना काहीच आठवत नाही, असं ते डॉक्टरांनाही सांगत आलेत. घाबरतील म्हणून मी त्यांना मेसबद्दल बोललो नव्हतो. परवा राहवलं नाही. बाल्कनीत बसलो होतो, सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू जेवलास का तिथं?"

"कुठं अण्णा? घास तोंडात घालायच्या आधीच उठलो."

"मग तुला कळायचं नाही," ते म्हणाले आणि खाली रस्त्याकडे बघत राहिले. "गूळ जरा जास्त झाला होता."