मावशी घोड्यांचे पाय बघते

माझ्या मावशीला घरात रेसचं नाव काढलेलं खपत नसे. शनिवारी दुपारी काका कपडे करून, "जरा पाय मोकळे करून येतो," असं म्हणाले की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "पायच मोकळे करा, खिसा नको!" काका हसत हसत जायचे आणि संध्याकाळी बहुतेक वेळा दोन्ही मोकळं करून परत यायचे.

तसे काका काही उधळे नव्हते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हिशेबाच्या टेबलावर त्यांचं आयुष्य गेलेलं, आकड्यांवर हुकूमत. कोणता घोडा किती अंतरावर चांगला धावतो, मागच्या खेपेला त्याच्या पाठीवर किती वजन होतं, जॉकी कोण होता, हे सगळं त्यांना तोंडपाठ. अंदाजही बरे असायचे. पण हात सैल. दिवसात जेवढ्या शर्यती, तेवढ्यांवर पैसे लावायचे, आणि दुपारभर हरले की शेवटच्या शर्यतीत दुप्पट. जिंकत असले तरी चार घोडे बरोबर ओळखून कमावलेलं पाचव्यावर घालवायचे आणि वर म्हणायचे, "आज नशीब नव्हतं."

मावशी हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या विभागात होती. तळमजल्यावर एक लांबलचक खोली, दोन बाजूंना धरायला दांड्या, समोर भिंतभर आरसा. अर्धांग झालेले, मांडीचं हाड मोडलेले, नवा गुडघा बसवलेले लोक तिथे यायचे आणि मावशी त्यांना पुन्हा चालायला शिकवायची. पेशंट तिला चालवणाऱ्या बाई म्हणायचे. रस्त्यावरही तिची नजर लोकांच्या तोंडाकडे नाही, पायांकडे. माझ्याबरोबर बाजारात जाताना मधेच म्हणायची, "त्या पुढच्या बाईंची कंबर धरली आहे बघ. पिशवी दुसऱ्या हातात घेतली तरी पुष्कळ होईल." आणि खरंच जाऊन सांगायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांचे डोळे गेले. अगदी आंधळे झाले नाहीत, पण नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला आणि वाढत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणूस आलाय हे कळायचं, कोण ते कळायचं नाही. छापलेलं अक्षर तर संपलंच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. तरी दर शुक्रवारी काका रेसचं पुस्तक विकत आणायचे आणि मांडीवर उघडून बसायचे. एकदा मावशीनं बघितलं, पुस्तक उलटं होतं.

तिनं हात पुसले, पुस्तक काढून घेतलं, सुलट केलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसून औषधाचं बिल वाचावं तसं वाचायला लागली. "पहिली शर्यत. घोडा नंबर एक. वय चार. वजन साठ. हे वजन कुणाचं, घोड्याचं?"

"अगं नाही, पाठीवरचं. जॉकी, खोगीर, सगळं धरून. जो घोडा चांगला, त्याला जास्त वजन. जॉकी हलका असला तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. यालाच हँडिकॅप म्हणतात."

"म्हणजे जो नीट काम करतो, त्याच्याच पाठीवर ओझं?" मावशी म्हणाली. "हे तर घरच्यासारखंच आहे की."

काका बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसले. त्या हसण्यासाठीच, असं मला वाटतं, ती पुढच्या शुक्रवारीही वाचायला बसली.

मग एका शनिवारी तिनं मला फोन केला. "तुझी गाडी आहे ना? आम्हाला तिकडे सोड." तिकडे म्हणजे कुठे, हे तिनं सांगितलं नाही. रेसकोर्स हा शब्द अजून तिच्या तोंडात बसायचा होता.

शर्यतीआधी घोडे ज्या रिंगणात फिरवून दाखवतात, त्याच्या कठड्याशी आम्ही उभे राहिलो. मोतद्दार एकेका घोड्याला लगाम धरून चालवत होते. लोक पुस्तकात बघत होते, कोणत्या घोड्यावर रुपयाला किती मिळतील त्या भावाच्या फळ्याकडे बघत होते. काका तोंड वर करून कडेच्या नजरेनं काही दिसतंय का बघत होते. मावशी मात्र घोड्यांचे पाय बघत होती. मग म्हणाली, "अहो, सात नंबर किती सुंदर चालतोय! पुढच्या पायाचा ठसा उमटतो ना, त्याच्याही पुढे याचा मागचा पाय पडतोय. पाठ मोकळी आहे. आणि तो तीन नंबर... मान सारखी झटकतोय, पोटाखाली घामाचा फेस. शर्यत इथेच धावून झाली त्याची."

काकांनी तिचा दंड धरला. "अगं, तीन नंबर फेव्हरिट आहे."

"असेल. पण दमलाय."

तीन नंबर चौथा आला. सात नंबर जिंकला नाही, पण दुसरा आला, आणि काका दिवसभर तिला विचारत राहिले, "आता कोण कसा चालतोय?" चाळीस वर्षं आकडे पाठ करून त्यांना जे कळलं नव्हतं, ते शेजारच्या खोलीतच होतं, असं ते मला गाडीत म्हणाले. मावशी म्हणाली, "नुसत्या चालण्यानं काय होतंय? मला अंतर कळत नाही, वजन कळत नाही. ते तुम्ही सांगायचं."

अशी ती जोडी जमली. आकडे काकांचे, डोळे मावशीचे.

पण खरी सुधारणा तिनं पैशांत केली. आधी ती काकांना विचारायची, "हीच शर्यत दहा वेळा झाली तर आपला घोडा किती वेळा जिंकेल?" काका डोकं खाजवून म्हणायचे, तीनदा. मग ती फळ्यावरचा भाव बघायची. "या भावात तर तो दहातल्या पाच वेळा जिंकला तरच आपलं भागेल. म्हणजे महाग आहे. घोडा चांगला असू दे, महाग आहे. चला, चहा घेऊ."

"अगं, पण जिंकेल तो!"

"जिंकू दे. त्याचं अभिनंदन करू."

दिवसाला फार तर दोन शर्यती खेळायच्या, रक्कम दरवेळी तीच, हरलो तरी तीच. सुरुवातीला काका तहानलेल्यासारखे तळमळायचे. एका शनिवारी दोन्ही घोडे हरल्यावर ते हटूनच बसले. शेवटच्या शर्यतीत दुप्पट लावून सगळं वसूल करायचं म्हणाले. मावशीनं आवाजही चढवला नाही.

"माझ्याकडे पेशंट येतात," ती म्हणाली. "काल पडलो म्हणून आज दुप्पट चालतो म्हणतात. त्यांना मी काय सांगते? कालचं काल पडलं. तुमच्या पायाला काल आणि आज ठाऊक नसतं, त्याला फक्त ओझं कळतं. आज ठरलंय तेवढंच चालायचं. आता त्या घोड्याला काय ठाऊक, तुम्ही मघाशी किती हरलात?"

काका काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले. शर्यत सुटली, संपली. जो घोडा ते खेळणार होते, तो कितवा आला हे मावशीनं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. तेव्हापासून ती दुप्पटची बाधा उतरली.

आता त्या मोठ्या शर्यतीचं सांगते. मोसमातली सर्वांत मानाची, गर्दी इतकी की गाडी लावायला जागा मिळेना. सगळं गाव एका करड्या घोड्याच्या मागे होतं. काकांनी आठवडाभर डोकं चालवून एक तांबूस घोडी काढली होती. अंतर तिच्या सोयीचं, पाठीवर वजन कमी, आणि करड्यापायी तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही, त्यामुळे भाव उदार. वर्षातून एकदा येते तशी संधी. काका पुन्हा पुन्हा भाव विचारत होते.

रिंगणात घोडी मावशीला आवडली. मग करडा आला. मावशी कठड्यावर वाकली. तो एक फेरी गेला, दुसरी गेला.

"अहो, याचा मागचा उजवा पाय आखूड पडतोय. वळताना कंबर उचलतो. दुखतंय त्याला."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे करडा गेला! मग आपली घोडी दहातल्या पाच वेळा... अगं, आधी खिडकीवर जा, तिकीट काढ!"

मावशी निघाली, पण खिडकीकडे नाही. ती रिंगणाच्या फाटकाकडे चालली होती. काका हाका मारायला लागले. "अगं, आधी तिकीट, मग काय सांगायचं ते सांग!" ती मागे वळून एवढंच म्हणाली, "त्याच्या पाठीवर माणूस बसणार आहे."

काकांना एकटं सोडता येईना, म्हणून मी त्यांचा हात धरून तिच्या मागे धावले. करड्याचा ट्रेनर जाडजूड, घामाघूम, मालकाशी बोलत होता. मावशीनं त्याला थांबवून जे दिसलं ते सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?"

"हॉस्पिटलात माणसांना चालवते. घोड्यांतलं मला फार कळत नाही. पण याला दुखतंय."

तो चिडेल असं मला वाटलं. तो चिडला नाही. त्यानं करड्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. सकाळपासून त्यालाही काहीतरी खटकत असावं. त्यानं पशुवैद्याला बोलावलं. घोड्याला दुडक्या चालीनं नेऊन आणलं, खूर दाबला, घोड्यानं पाय हिसकावला. थोड्या वेळानं घोषणा झाली की करडा धावणार नाही. गर्दीतून असा काही शिव्यांचा गजर उठला की मी मावशीला खांबामागे ओढलं.

करडा बाहेर पडताच सगळे पैसे तांबूस घोडीकडे वळले. फळ्यावरचा भाव बघता बघता कोसळला. काका केविलवाण्या आवाजात म्हणाले, "अगं, आता किती आहे?" मावशीनं सांगितलं.  मग काकांनीच विचारलं, "महाग?"

"महाग," मावशी म्हणाली.

तांबूस घोडी चार घोड्यांच्या लांबीइतकी पुढे राहून जिंकली. आमच्याकडे तिकीट नव्हतं.

परतीच्या वाटेवर काका न लावलेल्या पैशांचा हिशेब करत राहिले. आणि जखमेवर मीठ म्हणजे, पुढच्या आठवड्यात कळलं की करड्याच्या पायाला मोठं असं काहीच नव्हतं. नालेखाली खडा अडकून तळवा दुखावला होता. चार दिवसांत घोडा ठणठणीत. ट्रेनरनं मालकाची बोलणी खाल्ली, लोकांनी ट्रेनरला नावं ठेवली. काका उसळून म्हणाले, "बघ! खडा होता, खडा! एका खड्यासाठी!"

मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला वाटलं कंबरेत आहे," ती म्हणाली. "होतं खुरात. तिथे मी चुकले. पुढच्या वेळी खूर आधी बघेन."

"म्हणजे पुढच्या वेळीही सांगायला जाशील?"

"जाईन की. दिसलं तेवढ्यावर ठरवलं, अहो. खडा आहे की हाड मोडलंय, हे बाहेरून कुणाला कळणार होतं? आणि घोडीवर पैसे लावले नाहीत तेही बरोबरच. जिंकली म्हणून त्या भावात ती स्वस्त होत नाही."

काका धुमसत राहिले. पण पुढे कधीतरी, मी त्यांना दाढी करायला न्हाव्याकडे घेऊन गेले, तेव्हा खुर्चीत बसून ते त्याला ही सगळी हकीकत रंगवून सांगत होते. खिडकीकडे न जाता बाई फाटकाकडे कशा गेल्या, ट्रेनरला काय म्हणाल्या, सगळं. न्हावी म्हणाला, "म्हणजे नुकसानच झालं की." काका म्हणाले, "नुकसान काय मी आधीही करतच होतो. पण सांगण्यासारखं एकही नव्हतं."

पुढच्या मोसमात त्याच ट्रेनरनं मावशीला कठड्याशी हेरलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, आज आमचे कसे चालतायत?"

मावशी म्हणाली, "आज विचारू नका. आज मी तुमच्या विरुद्ध पैसे लावलेत." तो इतक्या मोठ्यांदा हसला की त्याच्या घोड्यानं कान टवकारले.

श्रीमंत वगैरे ते झाले नाहीत. वर्षाअखेर कधी थोडे वर, कधी थोडे खाली. पण काकांचा शनिवार त्यांना परत मिळाला. काकांना आता कडेचंही फारसं दिसत नाही. मावशी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत असते, कोण पुढे आहे, कोण बाहेरून येतोय, आणि काका काठी आपटत असतात.

परवा मी त्यांच्याबरोबर गेले होते. तिकिटाच्या रांगेत पुढच्या गृहस्थांनी वळून मावशीला विचारलं, "तुम्ही नेहमी येता, एखादा नंबर सांगा ना."

मावशीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "नंबर राहू द्या. तो डावा गुडघा किती दिवस असा ओढताय?"

ते गोंधळले. मग म्हणाले, "झालं असेल वर्षभर."

"सोमवारी हॉस्पिटलात तळमजल्यावर या," मावशी म्हणाली, आणि तिची पाळी आली म्हणून खिडकीकडे सरकली. सोमवारी ते खरंच आले.